दोन हाकांचा पिंजरा

आमच्या एकोडी गावात भर दुपारी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नसत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली की मग विचारायचं, "ओ, कोण व्हय?" कारण साधं होतं. माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नाही त्याचा दम दोन हाकांतच संपतो. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, जसं भात कसा कालवायचा हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आम्ही पोरी तर हुशार. मैत्रिणी माझ्या दाराशी येऊन एका श्वासात तीनदा ओरडायच्या, "वो शशे, वो शशे, वो शशे!" म्हणजे उन्हात ताटकळायला नको. पुढे मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भूत नसतं, चकवा नसतो, हे फळ्यावर लिहून दिलं. आणि आजही दुपारी फोन वाजला तर तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय मी तो उचलत नाही. नवरा हसतो. हसू दे, त्याला एकोडीचं पाणी कुठे लागलंय.

आमच्या सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या आवाराला, लागूनच कांताकाकूचं आवार होतं. मधे काट्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणाला दोघी बायांच्या येण्याजाण्यानं पडलेली एक खिंड. आईला आम्ही माय म्हणायचो. माय आणि कांताकाकू एकाच सालात लग्न होऊन गावात आलेल्या, त्यामुळे सासरी मिळालेल्या बहिणीच म्हणा. आमच्याकडे लाखोळीची डाळ शिजली की वाटी खिंडीतून पलीकडे जायची, त्यांच्याकडे झिंगे टाकून वांगी झाली की तीच वाटी भरून अलीकडे यायची. रिकामी वाटी परत करायची नाही, असा दोघींचा करार होता. कांताकाकूच्या आवारात विहीर होती, तिच्यावर गावातली पहिली बिजलीची मोटर बसली होती आणि राखाडी प्लास्टिकचे पाईप विहिरीत सोडलेले होते. मोटर चालू असली की कांताकाकू आवाजावर आवाज चढवून मायला हाक मारायची, "सुमन वोऽऽ!" त्यातलं 'सुमन' मोटरीत विरून जायचं आणि नुसतं 'वोऽऽ' आमच्या चुलीपर्यंत यायचं. आमच्याकडे बाई बाईला 'वो' म्हणूनच हाक मारते. पुण्याकडच्या बाया एकमेकींना 'अगं' म्हणतात हे मला पार नोकरीला लागल्यावर कळलं. हे सांगतेय ते उगीच नाही. पुढे जे झालं ते या एका 'वो'मुळे झालं. 'अगं' म्हणणाऱ्या गावात ते झालंच नसतं.

एका उन्हाळ्यात, मी परीक्षेला शाळेत गेले असताना, कांताकाकू विहिरीत पडली. पाय घसरला. तिचा नवरा संध्याकाळी बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतावरून, आला तेव्हा कळलं. मला एवढंच सांगितलं गेलं, आणि गावालाही एवढंच माहीत होतं. तेराव्यानंतर काकांनी मोटर विकली, पाईप ओढून काढून कुंपणाशी टाकले, विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि तुमसरला धानाच्या गिरणीत कामाला निघून गेले. त्यांचं घर कवेलूंच्या छपराखाली तसंच बंद पडून राहिलं. आमच्या घरातली वाटी कुठे जाईना, कुठून येईना. माय रडली नाही. लोकांना तेच खटकलं.

मग पावसाळ्याच्या शेवटी शेवटी मायचं ते सुरू झालं. तांदूळ निवडता निवडता ती मधेच मान वर करायची आणि म्हणायची, "ओ." बस, एवढंच. पाहुण्याला देतात तशी ठणठणीत ओ. आधी आम्हाला वाटलं, कुणी हाक मारली असेल, आपल्याला ऐकू आली नाही. पण कुणीच नसायचं. पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणून मला चापट मारणारी माय आता पहिलीच काय, न मारलेल्या हाकेलाही ओ द्यायला लागली. दारावरून जाणारा माणूस आपल्या बैलावर ओरडला, "ओ." कोंबडा दुपारी आरवला, "ओ, आली," आणि हातातलं टाकून उभी. शेवटी तिनं कोंबड्या देऊन टाकल्या. घर इतकं गप्प झालं की भाताला आलेली उकळी ओसरीपर्यंत ऐकू यायची. सानगडीहून माझी आत्या आली, तिनं दोन दिवस हे पाहिलं आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, हे साधं नाही व्हय. कांतीच बसली हिच्यावर. जाणत्याकडे ने." जाणता काय करतो हे मी एकदा पाहिलं होतं. मिरच्यांच्या धुरात बाईचं तोंड धरतात आणि 'तू कोण' म्हणून विचारतात. ती 'मी मीच' म्हणाली तर आणखी मिरच्या टाकतात.

ससे आले ते याच दिवसांत. मला घरात काहीतरी जिवंत हवं होतं. मी बाबांच्या मागे लागले, आणि माय पहिल्यांदाच मधे बोलली, "आन, पण बोंबलणारं नोको." सानगडीच्या बाजारात एक जण टोपलीत पांढरे ससे घेऊन बसायचा. सशाइतकं मुकं जनावर दुसरं नाही. बाबांनी जोडी आणली. मी बांबूच्या कमच्यांचा पिंजरा केला, तो त्यांनी दोन दिवसांत खाऊन टाकला. बाबा बघत उभे राहिले. "सशाले बांबू म्हणजे आपल्याले ऊस," ते म्हणाले. "करशीन काय आता?" मग कुंपणाकडे पाहून हळूच म्हणाले, "त्या पाईपायचा कर. पडलेच आहेत. मातर मायले सांगू नोको कुठले व्हयत ते. बोडीवरचे उरलेले म्हन." आमच्या तळ्यावरही, म्हणजे बोडीवर, बाबांनी त्या वर्षी पाईप टाकले होते, म्हणून ही थाप पचण्यासारखी होती. मी मान हलवली. खोटं बोलायला बापानंच शिकवलं की पोरीला किती हलकं वाटतं.

गावात मोटर दुरुस्त करणारा एक जण होता, त्याच्याकडची लोखंड कापायची आरी मी मागून आणली. पाईप कापताना पांढरा भुसा उडायचा आणि जिभेवर कडवट बसायचा. पहिला जाड पाईप दोन तुकड्यांत सुटला तेव्हा आतून चमचाभर काळं पाणी आलं, इतक्या महिन्यांनंतर, आणि त्या पाण्यात मुळासारखं लांब, काळं काहीतरी होतं. मूळच असणार. बाबांनी ते पायानं मातीत दाबलं आणि पाईपाचं दुसरं टोक धरलं. कोपऱ्यांत जोडायला पुरेसे एल्बो नव्हते, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा सुकलेला. मग चुलीत सळई लाल करायची, जाड पाईपाला भोक पाडायचं, भोक गरम आहे तोवर बारीक पाईपाची आडवी दांडी त्यात ठोकायची, थंड झालं की पक्कं. जळक्या प्लास्टिकचा वास चार दिवस भाताला येत होता. माय तो भात मुकाट्यानं खायची. तिनं एकदाही विचारलं नाही, काय करून राहिली म्हणून. मीच आपण होऊन सांगितलं, बोडीवरचे उरलेले पाईप व्हयत.

पिंजरा गोठ्याच्या भिंतीशी उभा केला. चार पाय जमिनीत हातभर गाडायचे होते, पण पाईपाचा खालचा तुकडा तडकलेला निघाला, तेव्हा तीनच पाय पाईपाचे झाले. चौथी सागाची बल्ली लावली. वर तणशीचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, छप्पर टाकायचं म्हणून पाय उंच ठेवले होते, तर ते तिन्ही पाईप छपरातून वर डोकं काढून, तोंड उघडं ठेवून उभे राहिले. दोन मोकळ्या बाजूला, तिसरा भिंतीच्या आडोशाला. बाजूंना तारेची जाळी. वाकडातिकडा होता, पण ससे काही तो खाऊ शकले नाहीत, आणि मी त्याच्याभोवती दिवसातून दहा चकरा मारायचे. माय लाखोळीचा पाला घेऊन पिंजऱ्याशी बसू लागली. ससे पाला खाताना जो बारीक कुरकुर आवाज होतो तो ऐकत बसायची. त्या हिवाळ्यात तिची ओ कमी झाली. बाबा जाणत्याचं नाव काढीनासे झाले. मला वाटलं, पिंजरा मी सशांसाठी केला, पण काम मायचं झालं.

मग फाल्गुन संपला आणि वारा सुटला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओसरीत गृहपाठ करत होते. सांदवाडीतून आवाज आला, "वोऽऽ." बाईचा. लांबून, खोलातून आल्यासारखा. माझा हात थांबला. थोड्या वेळानं पुन्हा, थोडा खालच्या सुरात, "वोऽऽ." मी मोजत होते हे मला मागाहून कळलं. तिसरा आला नाही. चुलीजवळून माय म्हणाली, "ओ." मी आयुष्यात पहिल्यांदा तिची ओ ऐकून घाबरले, कारण या वेळी हाक मीही ऐकली होती.

त्यानंतर तो आवाज रोजचा झाला. दुपारीच यायचा, ऊन तापून वारा उठायचा तेव्हा. आधी सशीण मागचा पाय जमिनीवर आपटायची, धप्, मग आवाज यायचा. एकदा, दोनदा. कधीच तीनदा नाही. मी पिंजऱ्याजवळ जाऊन उभी राहिले की काही नाही, वळले की पाठीमागून "वोऽऽ". आवाज कशाचा हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाईपाच्या तोंडावर फुंकर मारून पाहिली आणि तो माझ्या तोंडासमोर कांताकाकूसारखा बोलला. उलगडा झाल्यावर भीती जाते असं मी पुढे वर्गात सांगायचे. माझी गेली नाही. ते पाईप कांताकाकूच्या विहिरीतले होते आणि तेच जर तिच्या सुरात हाक मारत असतील, तर तो वारा आहे म्हणून मी स्वतःची समजूत किती घालणार? आणि मायला सांगायचं तर पाईप कुठले तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले. मायची ओ वाढत गेली. ती आता ओ देऊन दारापर्यंत जायची, मग सांदवाडीपर्यंत, मग खिंडीपर्यंत. कुंपणाशी उभी राहून पलीकडे बघायची. आत्या पुन्हा आली आणि या वेळी बाबा हो म्हणाले. मंगळवारी जाणत्याकडे न्यायचं ठरलं.

सोमवारी बाबा सानगडीला नारळ आणि लिंबं आणायला गेले. दुपारी माय सांदवाडीत राखेनं भांडी घासत होती, मी सशांना पाला टाकत होते. सशिणीनं पाय आपटला. मी मनात म्हटलं, नको. वारा आला. माझ्या डोक्यावरचा पाईप बोलला, "वोऽऽ," त्याच्या पलीकडचा बोलला, "वोऽऽ." माय उठली. "ओ! आली वो, आली," असं म्हणत, राखेचे हात तसेच घेऊन, खिंडीतून पलीकडे गेली. थांबली नाही. सरळ विहिरीकडे.

मी ओरडले, "माय वोऽऽ!" ती म्हणाली, "आली, आली," पण मागे न बघता, पुढच्याला सांगितल्यासारखी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी हाकही तिला विहिरीतूनच येतेय. मी धावत खिंडीशी आले. "माय वोऽऽ!" दुसरी. तिनं बाभळीची फांदी उचलून बाजूला टाकली. काटे हाताला लागले असतील, तिला कळलं नाही. तिसरी हाक मारायला मी घाबरले. तिसऱ्या हाकेलाही ती थांबली नाही तर माझ्याजवळ मग काहीच उरणार नव्हतं. डोळे मिटून मी सगळा जीव घशात आणला आणि ओरडले, "माय वोऽऽ!"

डोळे उघडले तर ती काठाशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी कुणी ओळखीच्या नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"तिसरी मारली तुनं," ती म्हणाली. "तिनं नाही मारली."

मी जाऊन तिचा हात धरला, राखेचा आणि रक्ताचा. ती तिथेच खाली बसली आणि एका दमात बोलली. "मी अशीच भांडे घासत होती. सुमन वो म्हणे. भर दुपार होती. मी म्हटलं, येऊ दे तिसरी. मंग पुन्हा म्हणे, सुमन वो. मी वाट पायत बसली, शशे. हातात भाताचा गंज घेऊन वाट पायत बसली. तिसरी आलीच नाही. मले वाटलं, नाही व्हय माणूस." मग ती रडली. काठाशी बसून, कांताकाकू गेली त्या दिवसापासूनचं सगळं रडली. मला तिची दया आली आणि साऱ्या गावाचा राग आला, ज्यानं आम्हाला तीनपर्यंत मोजायला शिकवलं होतं. बुडणाऱ्या बाईला तिसरी हाक कुठून सुचणार, हे कुणालाच कधी कसं सुचलं नाही? आजही तो राग गेलेला नाही.

मी तिला पिंजऱ्याशी आणलं. "माय, हे पाईप बोडीवरचे नाहीत," मी म्हटलं. "मी खोटं बोलली."

"मले माहीत आहे. पहिल्या दिवशीच वास आला. त्या विहिरीचं पाणी मी वळखत नाही का?"

"मंग काहून नाही बोलली?"

"तिचं काहीतरी आपल्या घरी आलं. असू दे म्हटलं."

मी पाईपावर फुंकर मारून दाखवली. ती दचकली, पण मागे सरली नाही. तिनं वारा येईपर्यंत वाट पाहिली, आणि आवाज सुरू झाला तसा आपला तळहात त्या तोंडावर ठेवला. आवाज थांबला. हात काढला, सुरू झाला. असं तिनं चार-पाचदा केलं. मग चुलीसाठी भिजवलेल्या मातीचे दोन गोळे आणून दोन्ही पाईपांची तोंडं लिंपून टाकली. मी तिसऱ्यासाठी माती घेतली तर तिनं माझा हात धरला.

"तो नोको. तिच्या दोन झाल्या, दोन बुजवल्या. तिसरी बाकी आहे तिची."

"तो वाजत नाही माय. भिंतीच्या आड आहे."

"वाजन तवा वाजन," माय म्हणाली आणि राहिलेली भांडी घासायला बसली.

संध्याकाळी बाबा आले. दारातूनच त्यांनी हाक मारली, "शशीची माय!" माय चुलीजवळ भाताची पेज वेळून काढत होती. तिनं मान वर केली नाही. बाबा घाबरले. "शशीची माय!" ती गप्पच. तिसऱ्या हाकेला ती म्हणाली, "ओ, आयकू आलं. काय म्हणता?" बाबा पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि मग गमछ्यानं तोंड पुसत बसले, कितीतरी वेळ. मंगळवारी आम्ही कुठेही गेलो नाही. जाणत्याच्या लिंबांचं मायनं सरबत केलं, आत्याला दोन पेले पाजले.

ससे पुढे दोनाचे वीस झाले, गावभर वाटले. जाळी गंजली, छप्पर गेलं, सागाची बल्ली वाळवीनं खाल्ली. पाईपांना कोण खाणार? ते तिघं भिंतीशी अजून उभे आहेत, दोघांच्या तोंडात माती. दर उन्हाळ्याआधी माय ती माती नव्यानं लिंपायची आणि तिसऱ्याच्या तोंडातलं कोळ्याचं जाळं काडीनं काढून टाकायची. आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत, सकाळ असो, रात्र असो, नवरा असो, लेक असो, नातू असो, तिसऱ्या हाकेशिवाय तिनं कुणाला ओ दिली नाही. शेवटी शेवटी कान गेले तेव्हा आमचे घसे बसायचे, पण तिचा नेम सुटला नाही.

ती गेली तेव्हा मी एकोडीलाच होते. दुपार होती. पान हलत नव्हतं. सकाळपासून मी तिला तीन-तीनदा हाका मारत होते आणि ती नुसती श्वास घेत होती. मी दमून तिचा हात धरून गप्प बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तेवढ्यात तिनं डोळे उघडले, मागच्या दाराकडे पाहिलं आणि तांदूळ निवडताना द्यायची तशी ठणठणीत म्हणाली, "ओ. आली वो, कांते."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण माय तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नव्हती. मी तिचा हात सोडला.